तंत्रज्ञानावरचा वाद दहाव्या कमेंटला माणसावर का घसरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एन्क्रिप्शन (मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून इतर कुणालाही वाचता येऊ नये म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप), चेहरा ओळखणारे कॅमेरे, एआय, सोशल मीडियावरचं नियंत्रण अशा विषयांवर तुम्ही वाचून, वेळ काढून लिहिता; पण दहाव्या कमेंटपर्यंत मुद्दा बाजूला पडतो आणि ‘तुम्ही नक्की कुणाचे?’ सुरू होतं. मग अशा वादात उतरण्यात अर्थ आहे का, आणि उतरायचं तर लिहायचं कसं? शिवाय कमेंट उडवली गेली तर काय करावं, हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं अशा चर्चांचं मॉडरेशन, म्हणजे कमेंटवर देखरेख, करतोय आणि स्वतःही वाद घालतो. उतरण्यात अर्थ आहे, असं माझं ठाम मत आहे. सभ्यपणे लिहा, पुरावे द्या, हे तुम्हाला कुणीही सांगेल आणि ते बरोबरही आहे. पण त्याच्या आधीची एक पायरी जवळजवळ सगळेच गाळतात: मतभेद नेमका कुठे आहे, हे कुणी शोधतच नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू राहतं.

तंत्रज्ञान, राजकारण आणि समाज एकत्र येतात तिथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. ही गोष्ट प्रत्यक्षात काय करते आणि किती चुकते, हा पहिला. तिच्यापासून होणारा फायदा आणि नुकसान यांत आपण कशाला जास्त वजन देतो, हा दुसरा. आणि ती वापरायचा अधिकार कुणाच्या हाती द्यायचा, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर मोजून, तपासून मिळू शकतं. दुसरा मूल्यांचा आहे. तिसरा सत्तेचा आणि विश्वासाचा. तिसऱ्या प्रश्नातून राजकारण आत येतं आणि ते येणं अजिबात गैर नाही. ‘तंत्रज्ञानाच्या चर्चेत राजकारण आणू नका’ असं मॉडरेटर बजावतात तेव्हा ते या तिसऱ्या प्रश्नावरच बंदी घालत असतात. तो प्रश्न काही त्यामुळे नाहीसा होत नाही. तो पहिल्या प्रश्नाच्या आड लपतो, आणि मग लोक अचूकतेच्या टक्क्यांवर असे भांडतात की जणू निवडणूकच चालू आहे.

एक नमुना जवळून बघू. मेसेज ॲपवर जाणारे फोटो फोनमध्येच तपासावेत का, या विषयावरचे थ्रेड, म्हणजे एकाखाली एक कमेंटच्या चर्चा, अनेकदा या वळणावर जातात:

‘स्कॅनिंग केलं तर लहान मुलांचं शोषण करणारे पकडले जातील. ज्याला लपवायचं काही नाही त्याने घाबरायचं कशाला?’

‘गणिताला भावना कळत नाहीत. बॅकडोअर म्हणजे बॅकडोअर.’

‘म्हणजे मुलांचं काही का होईना, तुम्हाला चालेल.’

‘आले सरकारचे चमचे.’

चार कमेंट आणि खेळ खलास. पहिली व्यक्ती दुसऱ्या प्रश्नावर बोलत होती: मुलांची सुरक्षा जास्त महत्त्वाची. समोरची पहिल्या प्रश्नावर: बॅकडोअर, म्हणजे कुलपाला ठेवलेलं चोरदार, तांत्रिकदृष्ट्या सुरक्षित करता येत नाही. दोघांनी एकमेकांचं काहीच खोडून काढलं नाही, कारण दोघं एका विषयावर नव्हतेच. शेवटच्या दोन कमेंटमध्ये जे झालं ते चिडण्यातून झालं, आणि चीड आली ती ‘माझं म्हणणं ऐकलंच नाही’ म्हणून.

हीच दुसरी कमेंट अशी लिहिता आली असती:

‘मुलांच्या शोषणाचे फोटो पसरू नयेत यावर आपलं दुमत नाही. तुमचं म्हणणं मला असं समजलं की फोनमध्येच तपासणी केली तर एन्क्रिप्शन न मोडता हे साधेल. माझी अडचण दोन ठिकाणी आहे. आधीच ओळख पटलेला फोटो जुळवणं वेगळं, आणि कधीही न पाहिलेला फोटो कसला आहे याचा यंत्राने अंदाज बांधणं वेगळं. तुमच्या मनात यातलं कोणतं आहे? आणि जुळवायच्या फोटोंची यादी कोण ठरवणार? उद्या त्यात दुसरंच काही घातलं तर आपल्याला कळणार कसं?’

यात नम्रता आहे, पण माझ्या लेखी ती दुय्यम आहे. महत्त्वाचं हे की ‘स्कॅनिंग’ या एका शब्दाखाली दडलेल्या दोन वेगळ्या गोष्टी सुट्या झाल्या, आणि तिसरा प्रश्न उघडपणे मांडला गेला. आता समोरच्याला उत्तर द्यायला जागा आहे. समोरच्याने पाठ फिरवली तरी वाचणाऱ्याला वाद कशावर आहे ते कळतं.

या दोन गोष्टींतला फरक किती मोठा आहे बघा. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेली योजना पहिल्या प्रकारची होती: आयक्लाउड या ॲपलच्या ऑनलाइन साठ्यावर चढणाऱ्या फोटोचा एक डिजिटल ठसा काढायचा आणि ज्ञात फोटोंच्या ठशांशी तो फोनवरच ताडून पाहायचा. काही आठवड्यांतच संशोधकांनी दाखवलं की अगदी वेगळ्या दोन चित्रांचा ठसा एकच येऊ शकतो. यादीत उद्या काय घातलं जाईल, हा प्रश्नही जोरात पुढे आला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ही योजना सोडून दिली. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण २०२२ मध्येच बातम्यांत आलं. एका वडिलांनी आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना दाखवायला काढला होता. गूगलच्या यंत्रणेने तो शोषणाचा ठरवला, खातं बंद झालं, पोलीस चौकशी झाली. गुन्हा घडलेला नाही असा पोलिसांचा निष्कर्ष निघाला, तरी खातं परत मिळालं नाही. ज्ञात फोटोंशी ताडून पाहण्यात असा नवा घरगुती फोटो सापडण्याची शक्यता फार कमी. अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेत ती कितीतरी जास्त. हा भेद न करता कुणी ‘स्कॅनिंग चुकतं’ किंवा ‘स्कॅनिंग अचूक आहे’ म्हणालं, तर त्या वाक्याला अर्थच उरत नाही.

अचूकतेचं एक गणित तर प्रत्येक वाद घालणाऱ्याच्या हाताशी असावं. समजा एखाद्या सेवेवरून दिवसाला १ अब्ज फोटो जातात आणि यंत्रणा निर्दोष फोटोंच्या बाबतीत हजारात एकदा चुकते. ‘९९.९ टक्के अचूक’ असं तिचं वर्णन होईल आणि ऐकायला ते भक्कम वाटेल. पण रोज १० लाख निर्दोष फोटोंवर शिक्का बसेल. त्या १ अब्जात खरोखर गुन्ह्याचे फोटो १० हजार आहेत असं धरलं आणि ते सगळेच्या सगळे सापडले असं मानलं, तरी शिक्का बसलेल्या दर १०१ फोटोंमध्ये १ खरा आणि १०० निर्दोष. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. तुमच्या थ्रेडमध्ये समोरच्याला त्याचे आकडे धरू द्या. शोधायची गोष्ट दुर्मीळ असली की चुकीचे इशारे खऱ्यांवर मात करतात, हे तत्त्व मग चेहरा ओळखण्यालाही लागू होतं आणि परीक्षेतली कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही.

या गणिताला चांगलं उत्तरही आहे, आणि ते देणारा भेटला तर मला मनापासून आनंद होतो. तो म्हणेल: एका इशाऱ्यावर कारवाई करूच नका, एका खात्यावर बरेच इशारे जमले तरच माणसाने तपासावं. ॲपलच्या योजनेत ही मर्यादा सुरुवातीला सुमारे ३० फोटोंची ठेवली होती. आता चर्चा खऱ्या अर्थाने पुढे सरकली. मर्यादा कितीची असावी, तपासणारा माणूस कोण, चुकीने अडकलेल्याने दाद कुठे मागायची, यावर दोन्ही बाजूंना बोलता येतं. पंचवीस कमेंटच्या थ्रेडमध्ये असं एकदा जरी घडलं, तरी तो थ्रेड यशस्वी झाला असं मी समजतो.

इतिहासातले दाखले द्या, पण दाखला नेमका कुठल्या मुद्द्याला लागू पडतो ते सांगून द्या. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने क्लिपर चिप आणली: संभाषण एन्क्रिप्ट होणार, पण किल्लीची एक प्रत सरकारकडे राखलेली. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवलं की सरकारला किल्ली ओळखता यावी म्हणून जोडलेल्या माहितीची तपासणी अवघ्या १६ बिटांची, म्हणजे फार तोकडी आहे, आणि ती चुकवून सरकारला किल्ली मिळू न देता चिप वापरता येते. हा दाखला पहिल्या प्रश्नाचा आहे: अशी यंत्रणा बांधणं अवघड असतं. ग्रीसमध्ये २००४-०५ च्या सुमारास पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन चोरून ऐकले गेले, तेही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी असलेल्या सोयीचा गैरवापर करून. हा दाखला तिसऱ्या प्रश्नाचा: चांगल्या हातांसाठी ठेवलेलं दार भलत्याच्या हातीही जातं. या दोन्हींतून ‘म्हणून तपास यंत्रणांना काहीच देऊ नका’ हे सिद्ध होत नाही. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते तुम्हाला स्वतंत्रपणे मांडावं लागेल. मी एन्क्रिप्शनच्या बाजूचा आहे, तरी माझ्याच बाजूचे लोक ही उडी मारतात तेव्हा मी त्यांना टोकतो. फोन उघडता न आल्यामुळे अडलेले खरे गुन्हे असतात, त्यातले खरे बळी असतात. त्यांचा उल्लेखही न करणारा युक्तिवाद वाचणाऱ्याला निष्ठुर वाटतो आणि त्याचा तो समज रास्त असतो.

अतिशय प्रसिद्ध दाखल्यांपासून तर सावधच राहा. वस्तूंच्या रचनेतही राजकारण असतं हे सांगायला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे कमी उंचीचे पूल हमखास आणले जातात: गरीब आणि कृष्णवर्णीयांच्या बस समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून तिथले बांधकाम-नियोजक रॉबर्ट मोझेस यांनी ते मुद्दाम ठेंगणे बांधले, असं. लँग्डन विनर या अभ्यासकाच्या १९८० च्या निबंधामुळे हा दाखला जगभर पसरला. १९९९ मध्ये बर्नवर्ड योर्गेस या समाजशास्त्रज्ञाने त्यावर गंभीर आक्षेप घेतले. त्या रस्त्यांवर बससह व्यावसायिक वाहनांना मुळात मनाई होती, मग पुलांची उंची कितीही असो. तुमचा मूळ मुद्दा बरोबरच असतो, पण दाखला वादग्रस्त निघाला की समोरचा दाखल्याला धरून बसतो आणि मुद्दा बुडतो. कमी गाजलेलं पण पक्कं उदाहरण निवडा. २०१८ च्या एका अभ्यासात चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. रचनेत समाज कसा उतरतो, हे त्यातून जास्त स्वच्छ दिसतं.

आता कुणासाठी लिहायचं, याबद्दल. कमेंट करणारे मूठभर असतात आणि वाचून निघून जाणारे कितीतरी पट. ज्याच्याशी तुम्ही वाद घालता तो जाहीरपणे माघार घेईल अशी अपेक्षा ठेवू नका. सगळ्यांच्या देखत मत बदलणं फार जड जातं. वाचणारा मात्र मोकळा असतो, त्याची इभ्रत पणाला लागलेली नसते. म्हणून प्रत्येक उत्तर लिहिताना मी बाजूला उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवतो. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर लोक आपलं मत मांडून ‘हे बदलून दाखवा’ असं आवाहन करतात, त्या चर्चांचा कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अभ्यास केला. मत बदलवणारी उत्तरं मूळ लेखकाच्याच शब्दांत घोळत नव्हती, ती वेगळे शब्द, वेगळा कोन घेऊन येत होती. ‘असंही असू शकेल’ अशा सावध भाषेने ती दुबळी पडत नव्हती. आणि एकाच माणसाशी पाच फेऱ्या झाल्यावर मत बदलण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येत होती. तिथे आलेले लोक मत बदलायची तयारी ठेवून आलेले असतात, हे लक्षात घ्या. इतरत्र परिस्थिती याहून कठीणच असणार. शब्दाने शब्द वाढतो तो अशा लांबलेल्या फेऱ्यांतच. मी तीन फेऱ्यांनंतर थांबतो आणि शेवटच्या कमेंटमध्ये एवढंच लिहितो: आपलं एकमत इथवर, मतभेद या ठिकाणी, आणि अमुक माहिती मिळाली तर माझं मत बदलेल. पुढची कमेंट वाचतो, पण उत्तर देत नाही.

‘पुरावा दिला की लोक उलट हट्टाला पेटतात, मग द्यायचा कशाला?’ असं निराश होऊन लिहिणारे खूप भेटतात. २०१० च्या एका अभ्यासावरून हे पसरलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासात ५२ विषयांवर तपासलं, तेव्हा असा उलटा परिणाम जवळपास आढळलाच नाही. चुकीची माहिती दुरुस्त केल्यावर लोकांची माहिती बहुधा सुधारते. बाजू मात्र सहजी बदलत नाही, कारण बाजू बहुतेकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांवर ठरलेली असते. एवढं मान्य केलं की पुरावा देताना चिडचिड होत नाही.

‘तेव्हा कुठे होतात?’, म्हणजे दुसऱ्या बाजूने हेच केलं तेव्हा गप्प का होतात, हा सवाल आला की बहुतेक लोक एक तर स्पष्टीकरण देत बसतात नाहीतर तडकतात. त्यामागे बहुधा तिसरा प्रश्नच असतो: तुम्ही सगळ्यांना एकच माप लावता का? एका वाक्यात उत्तर द्या, ‘तेव्हाचंही चूकच होतं, कारण तेच आहे’, आणि मुद्द्यावर परत या. तेव्हाचं तुम्हाला खरंच चूक वाटत नसेल, तर दोन प्रसंगांत फरक काय, ते सांगणं तुमचं काम आहे. तो प्रश्न टाळला की वाचणारा नोंद घेतो.

भाषेच्या सुराबद्दल लोक मतं खूप मांडतात, म्हणून दोन अभ्यास सांगतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नॅनोसिल्व्हर (चांदीचे अतिसूक्ष्म कण) या तंत्रज्ञानावरचा एकच लेख लोकांना दाखवला; काहींना त्याखाली सभ्य कमेंट, काहींना शिवीगाळीच्या. शिवीगाळ वाचलेल्यांची धोक्याबद्दलची मतं आपापल्या आधीच्या कलानुसार जास्त टोकाला गेली. लेख तोच होता. पॉप्युलर सायन्स या नियतकालिकाने त्याच वर्षी कमेंट बंद केल्या तेव्हा या अभ्यासाचा हवाला दिला होता. दुसरा २०१७ चा: आधी वैताग आणणारं काम दिलं आणि वर ट्रोलिंगच्या कमेंट दाखवल्या, तर सर्वसाधारण माणसांनी ट्रोलिंग करण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. मॉडरेटर म्हणून मला हे रोज दिसतं. पहिल्या तीन-चार कमेंट थ्रेडची चाल ठरवतात. तुम्हाला खरोखर फरक पाडायचा असेल तर लवकर पोचा आणि नेमका प्रश्न विचारा. शंभराव्या कमेंटला लिहिलेला उत्तम निबंध फार कुणी वाचत नाही.

खऱ्या नावाची सक्ती केली की सगळे नीट वागतील, हा उपाय प्रत्येक चर्चेत कुणीतरी सुचवतंच. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवणं सक्तीचं केलं. २०११ मध्ये एका कंपनीकडून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही सक्तीच रद्द केली. त्यापेक्षा साधी गोष्ट जास्त कामाची ठरते. २०१९ च्या एका प्रयोगात रेडिटवरच्या विज्ञानचर्चांच्या माथ्यावर नियम ठळकपणे लावले. नव्याने येणाऱ्यांत नियम पाळणाऱ्यांचं प्रमाण शंभरात आठाने वाढलं आणि नव्या लोकांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी. आपलं स्वागत आहे आणि इथे काय चालतं हे दोन्ही कळलं, की संकोच करणारी माणसंही बोलू लागतात. वाद सुधारायचा असेल तर मला हीच माणसं हवी असतात.

धमकी, पत्ता-फोन उघड करणं, कुटुंबावर घसरणं, यातलं काही झालं तर वर सांगितलेलं सगळं विसरा. उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉट घ्या, रिपोर्ट करा, ब्लॉक करा, आणि धमकी खरी वाटली तर पोलिसांकडे जा. तिथे वाद उरलेलाच नसतो.

शेवटी तुमची कमेंट उडवली गेली तर. मोठी कमेंट टाकण्याआधी मजकूर स्वतःकडे ठेवत जा. उडवली, तर थ्रेडमध्ये आरडाओरडा करू नका, कारण मग उरलेली चर्चा त्यावरच जाते. दुसऱ्या आयडीने तर मुळीच येऊ नका. मॉडरेटरला खासगीत एकच विचारा: कोणता नियम, कोणतं वाक्य? बारा वाक्यांची उत्तम कमेंट शेवटच्या एका वाक्यामुळे काढावी लागते, असं माझ्या कामात वारंवार होतं. ते वाक्य बहुतेकदा मुद्द्याबद्दल नसतं, माणसाबद्दल असतं. ते काढून पुन्हा टाका. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक लावला जातोय असं वाटत असेल, तर राहू दिलेल्या एक-दोन कमेंटच्या लिंक सोबत जोडा. नुसत्या ‘पक्षपाती आहात’ या तक्रारीवर मॉडरेटरला काही करता येत नाही. मोठ्या कंपनीच्या सेवेवर असाल आणि युरोपीय संघात राहत असाल, तर फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झालेल्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टप्रमाणे काढण्याचं कारण तुम्हाला कळवणं त्यांना भाग आहे, आणि त्याविरुद्ध त्यांच्याकडेच तक्रार करायला किमान सहा महिने मिळतात. इतरत्र हा हक्क सगळीकडे नाही. म्हणून आधी जपून ठेवलेला मजकूर तुमच्या स्वतःच्या जागी टाका, कोणत्या प्रश्नावर आणि कोणत्या कमेंटला ते उत्तर होतं हे वर दोन ओळींत लिहा, म्हणजे थ्रेड न वाचलेल्यालाही तो समजेल.